पेट्रोल ब्लोअर जपून वापरण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय: पाचोळ्यासाठी घेतलेला पेट्रोलवरचा ब्लोअर-व्हॅक्यूम

महोदय,
स. न. वि. वि.

समितीने पाचोळा फुंकून सारणारं आणि ओढून बारीक करणारं हे यंत्र घेतलं ते चांगलंच केलं. फाल्गुनात बदाम आणि रेन ट्रीचा पाचोळा झाडता झाडता माळीदादांची कंबर मोडते. व्हॅक्यूममधून बारीक होऊन आलेला पाला खताच्या खड्ड्यात लवकर कुजतो, तो जाळावाही लागत नाही. पण सध्या ते ज्या तऱ्हेने चालवलं जातंय, त्यात माळीदादांच्या जिवाला धोका आहे.

सर्वांत आधी बेसमेंट पार्किंग. तिथे हे यंत्र चालवणं आजपासून बंद करावं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आधी डोकं दुखतं, गरगरतं, आणि काय होतंय हे कळेपर्यंत माणसाची शुद्ध जाऊ शकते. रॅम्प उघडा आहे एवढ्यावर विसंबता येणार नाही. बेसमेंटला झाडूच बरा. डक्टमध्ये वाळलेली पारव्यांची विष्ठाही ब्लोअरने उडवू नये. ती धूळ फुप्फुसांना फार वाईट.

पेट्रोल सध्या पाण्याच्या बाटलीत, मीटर रूममध्ये ठेवलेलं असतं. ते घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, विजेच्या उपकरणांपासून लांब हवं. टाकी भरायची ती इंजिन बंद करून, पुरतं गार झाल्यावर, उघड्यावर. सांडलेलं पुसून, थोडं लांब जाऊन मगच इंजिन सुरू करायची दोरी ओढायची. इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं. आपल्या मॅन्युअलमध्ये ५०:१ दिलंय, म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजाने ओतलं आणि ऑइल कमी पडलं, तर पिस्टन जाम होईल. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि अशा बऱ्याच छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच चालतं. विक्रेत्याकडून हे लेखी विचारून घ्यावं. इथेनॉल ओलावा धरतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकी भरून ठेवू नये.

माळीदादा धुळीसाठी तोंडाला गमछा गुंडाळतात. त्याचं टोक व्हॅक्यूमच्या तोंडाशी गेलं तर पंखा ते क्षणात ओढून घेईल. गमछ्याऐवजी मास्क द्या, गॉगल द्या, आणि इअरमफ तर हवेतच. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एवढा आवाज उघड्या कानांनी दिवसाला १५ मिनिटांपलीकडे ऐकू नये. आपल्याकडचे माळीदादा तासभर ऐकतात. हा खर्च सोसायटीनेच करायला हवा, त्यांच्या पगारातून नव्हे.

पाला अडकला की ते नळीत हात घालतात. थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) सोडला तरी पंखा फिरत राहतो. इंजिन बंद, पंखा थांबलेला, स्पार्क प्लगची कॅप काढलेली, मगच हात. पिशवी लावल्याशिवाय व्हॅक्यूम सुरू करू नये. आणि होळीनंतर चौकातली राख यंत्राने मुळीच ओढू नये. आत निखारा धुमसत असेल तर पिशवीतला कोरडा पाला पेट घेईल, शेजारीच पेट्रोलची टाकी.

वेळेबद्दल एवढंच की, सकाळी नऊच्या आधी नको. लहान मुलं आणि रात्रपाळीहून आलेली माणसं झोपलेली असतात.

मॅन्युअल इंग्रजीत आहे. त्यातल्या सूचना मी मराठीत लिहून काढल्या आहेत. त्या माळीदादांना वाचून दाखवून बागेच्या खोलीत लावायची परवानगी द्यावी. मास्क, गॉगल आणि इअरमफ येईपर्यंत यंत्र कुलपात ठेवावं, ही विनंती.

आपला,
एक सभासद, बी विंग