मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वयंपाकघरातल्या टाकाऊ मालातून कापड रंगवण्याच्या कृती हल्ली पुरवण्यांमधून सर्रास येतात. त्यांत बीट आणि हळद असते, वर ‘मीठ-व्हिनेगर घालून रंग पक्का करा’ हा सल्ला. सुती कापडाच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे. बीटचा रंग उष्णतेने मोडतो, उरलेला धुण्यात जातो. हळद उन्हात विटते आणि साबण लागताच लाल होते, हे डाग काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सुतावर बहुतेक वनस्पतीजन्य रंग धरून ठेवायला टॅनिन (हिरडा, डाळिंबाची साल यांतले तुरट द्रव्य) आणि तुरटी लागते. मीठ-व्हिनेगर ते काम करत नाही.

खरा माल कांद्याची टरफले आणि डाळिंबाच्या साली. लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर टरफलांचे ढीग असतात.

एक किलो कोऱ्या सुती कापडासाठी प्रमाण असे. आधी ३० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळावे. हे टाळले तर खळ आणि मेण राहते, रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग २०० ग्रॅम हिरडा पूड किंवा डाळिंबाच्या वाळक्या सालींचा काढा. त्यात रात्रभर भिजवून, न खळबळता, सावलीत वाळवावे. नंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालावा (एकदम टाकला तर फेस उतू जातो). त्यात रात्रभर ठेवून हलके खळबळावे.

अर्धा किलो टरफले तासभर उकळून, गाळून, त्या पाण्यात कापड उकळीच्या खाली पाऊण तास ठेवावे आणि सतत हलवावे. लाल कांद्याचे पाणी जांभळट दिसते. कापडावर मात्र सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट छटा येते. भांडे स्टीलचेच हवे. लोखंडी भांड्याने किंवा लोहयुक्त बोअरच्या पाण्याने पिवळा रंग मळकट होतो. मुद्दाम गडद हिरवट छटा हवी असेल तर १० ते २० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), तीही काही मिनिटेच. जास्त झाली की सूत कुजते. मोरचूद (तांब्याचा विषारी क्षार) घरात वापरूच नये.

कांद्याचा रंग उन्हाला मध्यमच टिकतो, डाळिंबाचा त्याहून बरा. विकायचे असेल तर रंगवलेल्या चिंधीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती दोन आठवडे खिडकीत ठेवावी. दोन्ही अर्ध्यांतला फरक पाहूनच ग्राहकाला पक्केपणाचा शब्द द्यावा.

– नैसर्गिक रंगकाम करणारे काही वाचक