नाका वळणापासून किती लांब होता?

कोरेगाव, जि. सातारा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू तणतणत होतीस आणि मी नुसतं हं हं करत राहिलो, कारण तुला मिळतात जेमतेम दहा मिनिटं आणि त्यातली सात तुझ्या आईनेच खाल्ली होती. म्हणून हे पत्र.

तिथे चेन्नईत, लष्करी प्रशिक्षणाच्या तासाला, सरांनी वाळूच्या मॉडेलवर गाड्या तपासायचा नाका मांडला. रात्रीची वेळ, इशारा करूनही गाडी थांबत नाही, पाच सेकंदांत सांगा काय करणार. तू म्हणालीस फायर. शेजारची म्हणाली, मी नाही करणार. सर म्हणाले दोघीही चुकलात, आणि पुढच्या विषयाकडे वळले. उत्तर सांगितलं नाही म्हणून तुला राग. मला विचारशील तर सरांनी बरोबर केलं. त्या पाच सेकंदांत काय शोधणार गं? जे काय करायचं ते संध्याकाळी, नाका लावताना करायचं असतं.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. मणिपूरला होतो तेव्हा, मी फौजेत हवालदार. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. नाका कुठे लावायचा ते माझ्यावर सोडलेलं. वळणाला लागूनच एका बंद दुकानाची पत्र्याची पडवी होती. पोरं तरी भिजणार नाहीत म्हणून मी तिथेच ड्रम मांडायला लावले. रात्री साडेनऊच्या सुमारास वळणावरून जीप आली ती थेट अंगावर. एकच दिवा, तोही मिणमिणता. टॉर्च हलवली, ओरडलो, थांबेना. डावीकडच्या जवानाने रायफल खांद्याला लावली, सेफ्टी सरकल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मी 'रुक जा' म्हणून ओरडलो ते त्याला की जीपला, हे आजही सांगता येणार नाही. जीप ड्रमवर आदळून थांबली. मागून कोबीचे गड्डे घरंगळत रस्त्यावर आले. चालवणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, हात वर करून उभा, एका पायात चप्पल नाही. ब्रेकच लागत नव्हते.

त्या जवानाने गोळी झाडली असती तर चौकशी त्याची झाली असती. चूक मात्र माझी होती, आणि ती मी संध्याकाळी पडवी बघून केली होती. त्याच्या वाट्याला मी दोनच सेकंद ठेवले होते. दुसऱ्या दिवशी नाका वळणापासून दीडशे पावलं लांब नेला. गाडीला वेग धरता येऊ नये म्हणून ड्रम आडवेतिडवे लावले, अलीकडे दिवा टांगला, तिथल्या भाषेत 'थांबा' लिहिलेली पाटी उभी केली. पोरं भिजली आणि मला शिव्या घालत राहिली.

पण आधी ठरवणं म्हणजे काय, यातही फसायला होतं. जनरल डायरनेही आधीच ठरवलं होतं. 13 एप्रिल 1919, जालियनवाला बाग. पन्नास रायफली, इशारा नाही, सुमारे दहा मिनिटांत 1650 राउंड, आणि सरकारी आकड्यानुसारच 379 मेलेले. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे त्याने सांगितलं की आपलं कर्तव्य काय ते ठरवायला तीस सेकंदांपेक्षा जास्त लागले नसतील, कारण विचार आधीच झाला होता. राउंडचा हिशेब चोख, बरं का. बागेत जायचा बोळ अरुंद नसता तर चिलखती गाड्याही आत गेल्या असत्या.

तो इंग्रज होता म्हणून सोडून देऊ नकोस. 4 डिसेंबर 2021, नागालँडमधलं ओटिंग. शनिवारी कोळसा खाणीतून घरी निघालेले मजूर, पिकअप गाडीत. अतिरेकी येणार अशी खबर होती, दबा धरून बसलेल्यांना हीच ती गाडी वाटली. सहा जण तिथेच गेले. मग गावकरी चिडून आले, त्यात आणखी माणसं गेली, एक जवानही गेला. ओळखण्यात चूक झाली, असं सरकारने संसदेत सांगितलं. हे आपल्याच फौजेबद्दल लिहिताना हात जड होतो, पण तुला लिहायचं नाही तर कुणाला? गाडी दिसायच्या आधीच आत कोण आहे हे ठरून गेलं होतं, असं मला वाटतं.

कायदाही वाच, कंटाळा करू नकोस. जमाव पांगवायला मॅजिस्ट्रेटने फौज बोलावली, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 149 लागतं (आमच्या वेळी ते जुन्या संहितेचं 130 होतं). त्यात अधिकाऱ्याला कमीत कमी बळ वापरायचं बंधन आहे. सरकारने अशांत म्हणून जाहीर केलेल्या टापूत फौजेसाठीचा 1958 चा विशेषाधिकार कायदा माणूस मरेपर्यंत बळ वापरायची मुभा देतो, पण इशारा दिल्यानंतर. आणि लष्कराच्या 'काय करावं, काय करू नये' या सूचना बंधनकारक आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 सालीच सांगितलंय. त्या सूचनांचा कागद मी घडी करून खिशात ठेवायचो. पावसात भिजून त्याचा लगदा झाला, म्हणून दुसरा मागितला तर क्लार्क हसला होता.

आईने शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत, चेन्नईच्या दमट हवेत खवट व्हायच्या आत संपव. शेजारचीलाही दे, तिच्यावर राग नको.

आणि त्या मॉडेलवर नाका वळणापासून किती लांब मांडला होता, दिवा कुठे होता, ते पुढच्या रविवारी सांग. आईच्या आधी मला फोन दे म्हणावं.

तुझा,
आण्णा