आधी नांदी, मग कायदा

सातारा,
१२ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातली एक ओळ मनातून जाईना आणि तिला उत्तर द्यायचे तर मूळ ग्रंथ पुन्हा वाचून काढणे भाग होते. तू लिहितोस की ग्रीकांचे आदर्श राज्य म्हणजे अखेर एक छावणी आहे; वर शहाणे, मध्ये शिपाई, खाली राबणारे, आणि कोणी कशाचे कारण विचारायचे नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथापुरते तुझे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. देवाने कोणाच्या घडणीत सोने घातले, कोणाच्या चांदी आणि कोणाच्या लोखंड-कासे, ही त्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातली कहाणी प्लेटो स्वतःच खोटी म्हणून सांगतो, आणि तरी ती नागरिकांच्या, जमल्यास राज्यकर्त्यांच्याही, गळी उतरवावी असे म्हणतो. कॉलेजच्या दिवसांत ते पान वाचून तू पुस्तक मिटून ठेवले होतेस, हे मला अजून आठवते. मला एवढेच म्हणायचे आहे की तू पुस्तक मिटलेस तिथे प्लेटो थांबलेला नाही. म्हातारपणी त्याने दुसरे एक राज्य रचले, आणि त्या राज्यात कायद्याने हुकूम देण्याआधी माणसाला कारण सांगितले पाहिजे असा विचार त्याने मांडला. माझे सारे पत्र या एका विचाराविषयी आहे.

त्याआधी थोडे त्याच्या आयुष्याविषयी लिहितो, कारण त्याशिवाय हा बदल कळत नाही. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरले आणि तीस जणांची जुलमी सत्ता आली, तेव्हा प्लेटो विशी-पंचविशीच्या दरम्यान होता आणि त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियास त्याच्या आईच्या नात्यातला होता. ती सत्ता उलथून लोकशाही परत आली, आणि त्याच लोकशाहीने इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, विषाचा प्याला दिला. घरची माणसे सत्तेवर आली तेव्हा त्यांनी रक्त सांडले, आणि लोक सत्तेवर आले तेव्हा त्यांनी गुरू मारला. अशा माणसाने 'तत्त्वज्ञ राजे झाल्याखेरीज राज्यांची पीडा संपणार नाही' असे लिहिले, तर त्यामागचे दुखणे मला समजते. पुढे सिसिलीतल्या सिराक्यूजला तरुण डायोनिसियस गादीवर आल्यावर इ.स.पू. ३६७ मध्ये तो तिकडे गेला, आणि काही वर्षांनी पुन्हा गेला. राजाला तत्त्वज्ञ करण्याचा तो खटाटोप सपशेल फसला. दुसऱ्या खेपेला तर इटलीतल्या टॅरेंटमच्या आर्किटास या त्याच्या मित्राने तीस वल्ह्यांचे जहाज पाठवले तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. त्याचा लाडका शिष्य डिऑन सिराक्यूज जिंकूनही इ.स.पू. ३५४ मध्ये मारेकऱ्यांच्या हातून गेला. (या हकिगतीचा मोठा भाग प्लेटोच्या नावावरच्या सातव्या पत्रातून येतो आणि त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत वाद आहे, हे तू मला सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.)

या सगळ्यानंतर त्याने 'नोमोइ', म्हणजे 'कायदे' हा बारा भागांचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या ग्रंथांत हा सर्वांत मोठा, आणि यात सॉक्रेटिस कुठेही नाही. क्रीट बेटावर वर्षातल्या लांबलचक उन्हाळी दिवसांपैकी एका दिवशी तीन म्हातारे नॉसॉसहून झ्यूसच्या गुहेकडे पायी निघाले आहेत: अथेन्सचा एक निनावी पाहुणा, क्रीटचा क्लेइनियास आणि स्पार्टाचा मेगिलस. वाट चढाची आहे, ऊन आहे, वाटेत उंच सुरूची झाडे आहेत, त्यांच्या सावलीला बसत-उठत बोलत जायचे आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी क्लेइनियास सांगतो की नॉसॉसने नवी वसाहत वसवण्याचे काम आपल्यावर आणि आणखी नऊ जणांवर सोपवले आहे, तेव्हा आपण चालता चालता तिचेच कायदे रचू या. ज्या गावात अजून एक भिंतही उभी नाही, त्या गावाची घडी तीन म्हातारे रस्त्याने बसवीत चालले आहेत, हे चित्र मला फार हृद्य वाटते. 'रिपब्लिक'मधले नगर आकाशात आहे. हे नगर समुद्रापासून ८० स्टेडियम, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटर आत आहे, आणि मातीवर वसणार आहे.

तपशील तर इतके आहेत की जमाबंदीच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाचा जीव त्यात रमावा. कुटुंबे ५०४०, एकही जास्त नाही. हाच आकडा का, तर त्याला एकपासून दहापर्यंत प्रत्येक संख्येने भाग जातो, आणि ती संख्या स्वतः सोडली तर तिचे एकूण ५९ भाजक आहेत. सैन्य असो, कर असो, वाटप असो, कुठेही अपूर्णांक येत नाही. बारा जमाती, प्रत्येकीत ४२० कुटुंबे. प्रत्येक कुटुंबाला जमिनीचे दोन तुकडे, एक गावाजवळ आणि एक सीमेकडे, आणि ज्याचा जवळचा तुकडा अगदी गावाला लागून त्याचा दूरचा तुकडा अगदी सीमेवर, म्हणजे शत्रू आला तर 'माझे शेत आतल्या बाजूला आहे' असे कोणाला म्हणता येऊ नये. ही जमीन विकायची नाही. सोने-चांदी घरात ठेवायची नाही. श्रीमंती मूळ वाट्याच्या चौपटीपर्यंत. त्याच्या वर जाईल ते नगराचे आणि देवांचे. कायद्यांचे रखवालदार ३७, वय पन्नासच्या वर, आणि सत्तरीनंतर घरी. त्यांची निवड मंदिरात व्हायची: मतदाराने आपल्या पसंतीच्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि जमात एका पाटीवर लिहून, खाली स्वतःचेही नाव घालून वेदीवर ठेवायची, आणि एखादी पाटी कोणाला पटली नाही तर त्याने ती उचलून निदान तीस दिवस चौकात मांडून ठेवायची. मत देणाऱ्याने नाव झाकायचे नाही, आणि आक्षेप घेणाऱ्यानेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायचा. छावणीत हे चालते का, तूच सांग.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चौथ्या भागात तो अथेन्सचा पाहुणा दोन प्रकारच्या वैद्यांची गोष्ट सांगतो. एक वैद्य गुलाम असतो आणि बहुतेक गुलामांनाच तपासतो. तो या रोग्याकडून त्या रोग्याकडे धावतो, कोणाला त्याचे दुखणे काय आहे ते सांगत नाही, कोणाचे ऐकूनही घेत नाही. आपल्या अनुभवाने जे बरे वाटेल ते औषध एखाद्या हुकूमशहासारखे फर्मावतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. दुसरा वैद्य स्वतंत्र असतो आणि स्वतंत्र माणसांना तपासतो. तो दुखण्याच्या मुळापासून विचारतो, रोग्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलतो, त्यांच्याकडून काही शिकतो, रोग्यालाही जमेल तेवढे समजावतो, आणि त्याला पटल्याशिवाय औषध लिहून देत नाही. मग पाहुणा विचारतो, कायदे करणाऱ्याने या दोघांतल्या कोणासारखे व्हावे?

गेल्या वर्षी माझ्या हृदयाचे दुखणे निघाले तेव्हा हे दोन्ही वैद्य मला एका आठवड्यात भेटले. पहिल्याने कागदावर पाच गोळ्या लिहिल्या आणि मी 'कशाकशासाठी?' असे विचारल्यावर मान वर न करता 'घ्या म्हणतो ना' एवढेच म्हटले. दुसऱ्या बाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढून त्यावर पेनाने हृदय काढले, कोणती नळी कुठे अरुंद झाली ते दाखवले, आणि कोणती गोळी रक्त पातळ ठेवते, कोणती दाब उतरवते ते एकेक सांगितले. गोळ्या त्याच होत्या. पहिल्या कागदावरच्या मी चार दिवसांत बंद केल्या होत्या. दुसऱ्या कागदावरच्या आजही न चुकता घेतो. तो हृदयाचा कागद या ग्रंथात खूण म्हणून ठेवला आहे.

प्लेटो या कारण सांगण्याला 'प्रोओइमिओन' म्हणतो, आणि हा शब्द त्याने गाण्यातून घेतला आहे. ग्रीक भाषेत 'नोमोस' म्हणजे कायदा आणि 'नोमोस' म्हणजेच वाद्यावर वाजवायची एक ठरावीक चीजही. चीजेच्या आधी सुरावट जुळवणारा भाग असतो, मग राज्याच्या कायद्याआधी तो का असू नये, आणि आजवर कोणी तो का रचला नाही, असे त्याचे विचारणे आहे. आपल्याकडे याला नांदी म्हणता येईल. गाण्याच्या बैठकीत बंदिशीआधीची आलापी म्हटलीस तरी चालेल. नमुना म्हणून तो लग्नाचा कायदा घेतो. साधा कायदा असा की पुरुषाने तीस ते पस्तिसाव्या वर्षाच्या दरम्यान लग्न करावे, न केल्यास दरसाल दंड; हा दंड पुढे सहाव्या भागात ऐपतीप्रमाणे १००, ७०, ६० आणि ३० द्राख्मा ठरतो. नांदी जोडली की तोच कायदा वेगळा ऐकू येतो: माणसाला अमर व्हावेसे वाटते, मेल्यावर निनावी पडून राहू नये अशी त्याची ओढ असते, आणि मुलांच्या मुलांना मागे ठेवून मानवजात काळाबरोबर चालत राहते, म्हणून लग्न करावे. हे कारण तुला-मला पटो न पटो. आपण ज्याच्याशी बोलतो तो ऐकून घेणारा आणि विचार करणारा माणूस आहे, हे त्या नांदीने आधीच मान्य केलेले असते, आणि मला त्याचे मोल वाटते.

नवव्या भागात तो पुन्हा याच गोष्टीकडे वळतो. तो गुलाम वैद्य स्वतंत्र वैद्याला रोग्याशी बोलताना बघेल तर खो-खो हसेल आणि म्हणेल, अरे, तू याला बरा करीत नाहीस, शिकवतो आहेस. याला काय वैद्य व्हायचे आहे? पाहुण्याचे उत्तर मला फार आवडते. तो तक्रार नाकारीत नाही. कायद्याचा असा विचार करणारा माणूस नागरिकांना शिकवीतच असतो, असे तो कबूल करतो.

मी तीस वर्षे शासकीय आदेशांचे मसुदे लिहिले. आपल्या शासन निर्णयात आधी 'वाचा', मग 'प्रस्तावना' आणि मग 'शासन निर्णय' असा क्रम असतो, हे तुला ठाऊक आहे. प्रस्तावना आम्ही मागच्या फायलीवरून उतरवून घेत असू. एकदा एक म्हातारे शेतकरी आमच्याच एका आदेशाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "साहेब, मला वाचता येतं. दोनदा वाचलं. पण हे कशापायी, ते ह्यात कुठं लिहिलंय ते दाखवा." मी पानभर प्रस्तावना बोटाने धुंडाळली. तीत संदर्भ क्रमांक होते, तारखा होत्या, 'विचाराधीन होते' होते, कारण नव्हते. त्या वेळी प्लेटोचे हे पान मला माहीत असते तर मी पुढचे मसुदे वेगळे लिहिले असते, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

पण हा ग्रंथ मला जितका जवळचा झाला तितकाच एका ठिकाणी तो मला बोचतो, आणि ते तुझ्यापासून लपवले तर हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. मुळातच ती वैद्यांची गोष्ट बघ: कारण ऐकण्याचा हक्क स्वतंत्र रोग्याचा, गुलामाच्या वाट्याला फर्मानच. सहाव्या भागात तर प्लेटो स्पष्ट लिहितो की गुलामाशी बोलताना बहुधा नुसती आज्ञा करावी, त्याला स्वतंत्र माणसासारखी समज देत बसू नये. ५०४० वाट्यांची शेते कसणारे हेच गुलाम. दहाव्या भागात देव न मानणाऱ्यांसाठी त्याने सगळ्या ग्रंथातली सर्वांत लांब आणि सर्वांत कसोशीची नांदी लिहिली आहे, आणि तिच्या टोकाला शिक्षा अशी की स्वभावाने भला असलेल्या नास्तिकालाही निदान पाच वर्षे 'शहाणपणाच्या घरात' कोंडावे, तिथे कायद्यांवर देखरेख करणाऱ्या 'रात्रीच्या मंडळा'तल्या लोकांखेरीज कोणी त्याला भेटू नये, आणि सुटल्यावर पुन्हा दोषी ठरला तर ठार मारावे. ज्याच्या गुरूला देवांविषयीच्या आरोपावरून मरावे लागले, त्याच्या हातून हे लिहिले गेले. मी ते पान वाचून उठतो आणि अंगणात फेऱ्या मारतो. युक्तिवाद संपल्यावर दार बाहेरून बंद होणार असेल, तर त्याला समजावणे म्हणता येईल का, याचे उत्तर प्लेटोपाशी नाही.

तरीही सत्तेविषयी तो जे शिकला ते मी खोटे म्हणणार नाही. माणसाच्या हाती बेजबाबदार सत्ता दिली तर त्याचा स्वभाव टिकत नाही, तसा टिकणारा कोणी जन्मला तर त्याला कायद्याची गरज नाही, पण तसा माणूस कुठे दिसत नाही म्हणून कायदा हा दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग धरायचा, असे तो नवव्या भागात लिहितो. चौथ्या भागात तो राज्यकर्त्यांना 'कायद्याचे सेवक' हे नाव देतो आणि जिथे कायदा राज्यकर्त्यांच्या ताब्यात असतो तिथे मला नाश दिसतो असे म्हणतो. सिराक्यूजहून परतलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. अ‍ॅरिस्टॉटलने या नगरावर टीका केली की पाच हजार माणसे बसून खाणार असतील तर त्यांना बॅबिलोनएवढा मुलूख लागेल, आणि ती टीका रास्त आहे. परंतु एकट्या शहाण्यापेक्षा अनेकांनी मिळून केलेला निवाडा बरा असू शकतो, जसे वर्गणीचे जेवण एकाच्या खर्चाच्या जेवणाहून सरस होऊ शकते, असे जे अॅरिस्टॉटल पुढे म्हणतो, त्याची वाट मला या चौकात मांडलेल्या पाट्यांमधून गेलेली दिसते. हे माझे मत आहे, त्याला पुरावा मागू नकोस.

हा ग्रंथ पुरा होण्याआधी प्लेटो गेला, आणि मेणाच्या पाट्यांवरची ती संहिता ओपसच्या फिलिप या त्याच्या शिष्याने उतरवून काढली अशी जुनी आख्यायिका आहे. शेवटच्या पानावरही तिघे चालतच आहेत. मेगिलस क्लेइनियासला म्हणतो की या पाहुण्याला विनवण्या करून आणि शक्य ते सारे उपाय करून इथेच थांबवले पाहिजे, नाहीतर हे नगर वसायचे नाही. क्लेइनियास म्हणतो, खरे आहे, मी तेच करीन, तू मला मदत कर. "करीन," एवढे मेगिलस म्हणतो आणि ग्रंथ थांबतो.

फेब्रुवारीत तू येणार आहेस, तेव्हा चौथा आणि दहावा भाग वाचून ये. दहाव्या भागावर मला तुझ्याशी भांडायचे आहे, आणि कदाचित तिथे तूच बरोबर निघशील. पेन्सिलीच्या खुणा केलेली तुझी 'रिपब्लिक'ची जुनी प्रत आण. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सातारकर मित्र