ठकी मांजरीच्या गाठीबद्दल, वर्षाला

मुंबई,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय वर्षा,

ठकीच्या बायोप्सीचा रिपोर्ट काल संध्याकाळी आला. कॅन्सर दिसलेला नाही. एवढी ओळ आधी वाच, चहा घे आणि मग पुढचं सावकाश वाच, कारण त्यापुढे एक 'पण' आहे. फोनवर तुझा आवाज भरून येतो, काकू मध्येच फोन घेतात आणि निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय. हे दादालाही दाखव. निर्णय तुम्हा तिघांना मिळून घ्यायचाय.

काकूंनी तुला 'पोट साफ होत नाही' एवढंच सांगितलं होतं. ते खरंच होतं, पण अपुरं. ठकी वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायची, कुंथायची, ओरडायची आणि शी व्हायची ती बारीक, चपटी. दूध झालं, इसबगोल झालं, एरंडेल झालं. एका ठिकाणी दाखवलं तर तिथे एनिमा दिला आणि तेरा वर्षांचं मांजर आहे, आतडं ढिलं पडलंय, आता असंच चालायचं, असं सांगून घरी पाठवलं. वर्षा, याचा मला फार राग आला. एनिमाचा नाही, तो कधी कधी द्यावाच लागतो (माणसांच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा मात्र मांजराला कधीच देऊ नये, रक्तातलं फॉस्फेट भडकतं, कॅल्शियम कोसळतं आणि जीव जातो). राग याचा आला की कुणी तिची शेपूट उचलून पाहिलंच नव्हतं.

मी गिरगावात, मुगभाटात काकूंकडे गेले तेव्हा ठकी कपाटावर बसली होती आणि सारखी मागची बाजू चाटत होती. काकूंच्या चादरीवर गुलाबीसर पाण्याचे दोन-तीन डाग होते, ते काकूंना गॅलरीच्या गंजाचे वाटत होते. शेपूट उचलली तर गुदद्वाराच्या खालचा भाग फुगलेला, एका अंगाला जास्त. तिथेच कळलं की अडथळा आतड्यात नाही. आतड्याला कुणीतरी खालून दाबतंय.

दवाखान्यात आणून तिला हलकी भूल दिली आणि गुदाशयात बोट घालून तपासलं. जागेपणी हे करायला जाऊ नये, मांजराला दुखतं आणि आपल्याला नीट काही लागतही नाही. बोटाला खालच्या बाजूने एक घट्ट, गुळगुळीत गाठ लागली, साधारण 4 सेंटीमीटरची. गुदाशय वर ढकललेला, म्हणून शी चपटी. गाठ योनीमार्गाच्या भिंतीत आहे. लघवी सुटते, पण धार बारीक आहे, कारण मूत्रनलिका त्याच अरुंद जागेतून जाते. (ठकी बोका असती तर कुंथतेय म्हटल्यावर मी पहिल्यांदा लघवी होतेय का तेच पाहिलं असतं. बोक्याची नलिका बारीक; पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. तुमच्या खालच्या मजल्यावरच्यांना हे सांगून ठेव, त्यांच्याकडे दोन बोके आहेत.)

आता तुझा प्रश्न, की ठकीचं तर लहानपणीच ऑपरेशन झालं होतं, मग हे कुठून आलं? नसबंदीत अंडाशय आणि गर्भपिशवी काढतात, योनीमार्ग जागच्या जागीच राहतो. गर्भपिशवीचा खालचा थोडा तुकडाही राहतो आणि त्या तुकड्यात कॅन्सर झाल्याच्या नोंदीसुद्धा आहेत. क्वचित अंडाशयाचा कण मागे राहतो, तो वाढतो, मग ऑपरेशन झालेली मांजर माजावर आल्यासारखी लोळते, ओरडते. काकूंना मी हे खोदून खोदून विचारलं. ठकीने तसं कधी केलेलं नाही. मांजरांत या भागातल्या गाठी मुळात फार कमी दिसतात. कुत्र्यांत, विशेषतः ऑपरेशन न झालेल्या कुत्रीत, योनीमार्गाच्या गाठी आम्ही बऱ्याच पाहतो आणि तिथे हार्मोनचा हात असतो हेही माहीत आहे. मांजरांतलं ज्ञान जगभरातल्या एकेका मांजरीच्या नोंदीतून वेचलेलं आहे. त्यामुळे दादाने 'टक्के किती' असं विचारलं तर त्याला सांग की मृदुला टक्के देणार नाही.

पण म्हणून तिचं ऑपरेशन केलं ते वाया गेलं असं काकूंना वाटू देऊ नकोस. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण 91 टक्क्यांनी कमी होतो आणि मांजरीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. ठकीची आठही स्तनाग्रं मी एकेक करून चाचपली. काही नाही. काकूंनी तेव्हा तुझ्या बाबांशी भांडून ते ऑपरेशन करून घेतलं होतं, मला आठवतंय.

तपासण्या काय काय झाल्या ते थोडक्यात. रक्त: हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, क्रिएटिनिन वरच्या मर्यादेच्या जरा पुढे. म्हणजे मूत्रपिंडं थकायला लागलीत, पण काम करतायत. मांजरांच्या एड्सची आणि ल्युकेमियाची तपासणी निगेटिव्ह. छातीचे एक्स-रे तीन बाजूंनी काढले, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि पाठीवर. फुफ्फुसातला बारीक ठिपका एका बाजूने लपतो आणि दुसऱ्या बाजूने दिसतो, म्हणून तीन. स्वच्छ आहेत. सोनोग्राफीत पोटातल्या लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. मात्र गाठ जिथे आहे तिथे कमरेच्या हाडांच्या आड सोनोग्राफीला धड दिसत नाही.

मग सुई घालून पेशी काढून पाहिल्या. जवळजवळ काहीच आलं नाही, रक्त आणि चार लांबट पेशी. याने मी निराश झाले नाही. स्नायूच्या किंवा तंतूच्या गाठीतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, सुईला सुटत नाहीत. सुईत काही आलं नाही म्हणून 'काही नाही' असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नकोस. आम्ही पुन्हा भूल देऊन तुकडाच घेतला, 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून लॅबला पाठवला.

रिपोर्ट म्हणतो लायोमायोमा, म्हणजे अनैच्छिक स्नायूंची साधी गाठ. बायकांना गर्भपिशवीत फायब्रॉईड होतात ना, त्याच जातीची. काकूंना हे एका वाक्यात कळलं, त्यांची स्वतःची पिशवी त्याच कारणाने काढलेली. पेशी एकसारख्या आहेत, विभागणाऱ्या पेशी फार थोड्या, कुजलेला भाग नाही. स्नायूंचीच आहे याची खात्री करायला अॅक्टिन आणि डेस्मिन या प्रथिनांची वेगळी रंगचाचणी केली, दोन्ही पॉझिटिव्ह.

आणि आता तो 'पण'. आपण पाहिला तो गाठीचा एक छोटा तुकडा. याच स्नायूंची कॅन्सरची गाठही असते, लायोमायोसार्कोमा, आणि कधी कधी गाठीचा एक भाग साधा दिसतो, दुसरा तसा नसतो. शेवटचं उत्तर पूर्ण गाठ काढून, तिच्या कडांना शाई लावून, सगळ्या बाजूंनी तपासल्यावरच मिळेल. शिवाय साधी असली तरी ती जागा सोडणार नाही. आज शी चपटी होतेय, उद्या होणारच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: ऑपरेशन करायचं. दादा म्हणतो, या वयात कशाला तिला छळायचं. त्याचं प्रेम मला कळतं. पण ठकीला आज छळतेय ती गाठ. वजन साडेतीन किलो, भूक शाबूत, कपाटावर उडी मारते. घरात मासे शिजत नसले तरी तिच्यापुरती उकडलेली सुरमई काकू शेजारून आणतात, ती ती चाटूनपुसून खाते. अशा मांजराला केवळ जन्मवर्ष पाहून नकार देणं मला जमत नाही. तिची मूत्रपिंडं निकामी असती, फुफ्फुसात ठिपके असते, तर मीच तुला लिहिलं असतं की आता फक्त दुखणं कमी करू या. आज तसं लिहिण्यासारखं तिच्यात काही नाही.

आधी सीटी स्कॅन. महालक्ष्मीला 2024 पासून टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालंय, गिरगावाहून टॅक्सीने लांब नाही. मी परळला शिकत होते तेव्हा मांजराची सीटी काढायची कल्पनाच कुणी करत नव्हतं. सीटीवर गाठ कुठे संपते, मूत्रनलिकेला किती चिकटली आहे, हे कळेल. त्यावरून आमचे सर ठरवतील की योनीमुखाची वरची बाजू उघडून तिथून गाठ सोडवायची की आणखी आत जावं लागेल. सुरुवातीलाच मूत्रनलिकेत बारीक कॅथेटर घालून ठेवतात, म्हणजे कापताना ती बोटाला जाणवत राहते आणि तिला इजा होत नाही. साध्या गाठी बहुतेकदा आजूबाजूच्या मांसापासून बऱ्यापैकी सुटून येतात. तसं झालं तर उत्तम.

भुलेची भीती तुला आहे, मलाही असते, ती असायलाच हवी. मूत्रपिंडांसाठी आधीपासून सलाईन, पूर्ण वेळ रक्तदाबावर नजर, सरासरी दाब 60 च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि अंग गरम ठेवायचं, कारण एवढासा जीव टेबलावर पटकन थंड पडतो. रक्तगटही तपासून घेतलाय. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट असतात आणि 'कुणालाही चालेल' असं रक्त नसतं. बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्त चढवलं तरी ते दगावू शकतं. ठकी ए आहे, माझा बोका भुऱ्याही ए आहे. तरुण आहे, पाच किलोचा आहे, जुळवणी करून पाहिली, जमतंय. लागलंच तर तो देईल.

काय बिघडू शकतं तेही सांगते. जखम गुदद्वाराला खेटून आहे, त्यामुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो, टाके उसवू शकतात. त्या भागातल्या नसा दुखावल्या तर शी-लघवीवरचा ताबा काही काळ, क्वचित कायमचा, जाऊ शकतो. काकूंना मी हे समोर बसवून सांगितलंय. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पुसेन मी. तुम्हा पोरांचं पुसलं तसं."

आणि पूर्ण गाठीचा रिपोर्ट वाईट आला तर? तर कडा स्वच्छ आहेत का ते पाहायचं, नसतील तर पुन्हा थोडं काढता येतं का ते पाहायचं, दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायचा. केमोचं औषध आहे, डॉक्सोरुबिसिन, पण ते मांजराच्या मूत्रपिंडांना जड जातं आणि ठकीची आधीच थकलेली आहेत, म्हणून मी त्याच्या मागे लागणार नाही. शी मऊ राहायला लॅक्ट्युलोज आणि वेदनेसाठी औषध. त्यातही तिचे बरेच दिवस चांगले जातील.

घरी आल्यावर तिने खाल्लं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते आणि तोच नवा आजार होऊन बसतो. एक दिवस तोंड लावलं नाही तर मला कळवायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. गळ्यातली कॉलर काढायची नाही, काकू नक्की काढतील, त्यांना ओरड. आणि दुखतंय म्हणून क्रोसिन अजिबात नाही. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

राहिला प्रश्न गणपतीचा. चाळीत मखराचं काम आधीपासून सुरू होईल, मग ढोल, फटाके, घरात पाहुण्यांची वर्दळ. टाके ओले असताना तिला त्यात ठेवायचं नाही. आता लगेच केलं तर बाप्पा येईपर्यंत ती सावरलेली असेल. उशीर झाला तर तेवढे दिवस ती माझ्याकडे राहील, मागची खोली रिकामी आहे.

मंगळवारची सीटीची वेळ मी धरून ठेवलीय, सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं आहे. खर्चाचा कागद सोबत जोडलाय. आकडा मोठा आहे, लपवत नाही. माझी फी त्यात धरलेली नाही आणि त्यावरून वाद घालू नकोस. आज रात्री जेवणं झाल्यावर काकूंना फोन कर, दादाला त्याच फोनवर घे, आणि जे ठरेल ते मला कळव, कितीही वाजले तरी चालेल. तुम्ही 'नको' म्हणालात तरी मी तिला पाहायला येतच राहीन.

तुझी,
मृदुला

ता. क. काकूंना सांग, एरंडेलाची बाटली आता फेकून द्या. आणि मंगळवारी निघायच्या दोन तास आधी गाबापेंटिनची (प्रवासात शांत राहायला) कॅप्सूल द्यायची आहे, मी पुडीवर तिचं नाव घालून ठेवलीय. उकडलेल्या सुरमईच्या पाण्यात अगदी थोडी कालवा म्हणावं, भरपेट खायला घालू नका, भूल द्यायची आहे.