सरकार बंद पडलं की कॅन्टीनमधल्या बाईंचा पगार कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची अमरावतीची, गेली चौदा वर्षं वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये राहते, तुमचा पेपर रोज मोबाइलवर वाचते. इकडच्या नोकऱ्या गेल्याच्या बातम्या तुम्ही छापता पण त्यात सगळा जोर एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि आयटीवर असतो, म्हणून म्हटलं इथं राहून जे बघितलं ते कळवावं.

वॉशिंग्टन शहरात कारखाने नाहीत, सरकार हाच इथला कारखाना. शहरातल्या साधारण चौथा हिस्सा नोकऱ्या थेट केंद्र सरकारच्या, आणि बाकीच्यातल्या कितीतरी त्याच्याच जिवावर, कंत्राटी कंपन्या, हॉटेलं, टॅक्सीवाले, पाळणाघरं, सगळं. आम्ही आलो तेव्हा सगळे हेच सांगायचे की मंदी आली तरी इथं फार झळ लागत नाही, सरकार काय बंद होतंय का. मग २०२५ उजाडलं. २८ जानेवारीला वीस लाखांवर कर्मचाऱ्यांना ईमेल गेली की राजीनामा द्या, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार देतो, आणि दीड लाखांच्या आसपास लोकांनी तो मार्ग धरला. उन्हाळ्यात शहरातली बेकारी ६ टक्क्यांवर गेली, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, देशाचा आकडा तेव्हा ४.३ च्या आसपास होता. आणि ॲनाकोस्टिया नदीच्या पलीकडे, जिथं बहुतेक वस्ती कृष्णवर्णीयांची आहे, तिथं चांगल्या काळातसुद्धा बेकारी बाकी शहरापेक्षा कितीतरी जास्त असते. पेपरात आकडा छापून येतो तो सगळ्या शहराचा मिळून, त्यात ती वस्ती दिसतच नाही.

माझ्या नवऱ्याची कंपनी एका सरकारी खात्याला सॉफ्टवेअर द्यायची. मार्चमध्ये कंत्राट रद्द झालं आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून निदान घर सोडावं लागलं नाही, पण आमच्या बिल्डिंगमधला सांगलीचा एक मुलगा एच-वन-बीवर होता, नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला त्याच्या हातात फक्त ६० दिवस, बायको सातव्या महिन्यात, शेवटी सामान विकून परत गेले बिचारे.

मग १ ऑक्टोबरपासून शटडाऊन, म्हणजे संसदेत खर्चाला मंजुरी न मिळाल्यानं सरकारी कामकाज ठप्प, तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला, ४३ दिवस, तोवरचा सगळ्यात लांब. शेडी ग्रोव्हला मेट्रोच्या पार्किंगमध्ये सकाळी आठनंतर जागा मिळायची नाही, तिथं रांगाच्या रांगा मोकळ्या. आमच्या इथल्या शाळेच्या आवारात शनिवारी धान्य वाटायचे, नवरा घरीच होता म्हणून आम्ही दोघं खोकी उचलायला जायचो. एकदा रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याला ओळखलं. त्याच्या जुन्या ऑफिसच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये काउंटरला असायच्या, मूळच्या एल साल्वाडोरच्या. "कॉफी, साखर कमी," एवढंच म्हणाल्या आणि दोघंही रडले. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं होतं, नुसती निळी दोरी बाहेर लोंबत होती.

माझं म्हणणं इथंच आहे. २०१९ च्या कायद्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांना शटडाऊनमधला पगार नंतर मिळतो, आणि मिळालासुद्धा, चांगलंच झालं, त्यांचीही घरं आहेत. पण कॅन्टीन, सफाई, सिक्युरिटीवाल्या कंत्राटी माणसांना तो कायदा लागू नाही. त्याच इमारतीत, त्याच दारातून आत जातात, आणि त्या बाईंचे ४३ दिवस गेले ते गेलेच. परत कामावर घेतलं तेव्हासुद्धा निम्मेच तास दिले, कारण वरच्या मजल्यांवर जेवायला उरलंय कोण.

हे तुमच्या पेपरला लिहायचं कारण असं की आपल्याकडेही सरकारी ऑफिसातली कितीतरी कामं आता कंत्राटावर चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंत्राटी भरतीचा जीआर पोरांच्या संतापामुळे सरकारला रद्द करावा लागला, तेव्हा मी इथून सगळं वाचत होते. पण त्याआधीपासून एजन्सीमार्फत जे लागलेत, सफाईवाले, शिपाई, डेटा ऑपरेटर, त्यांचं पुढं काय झालं ते कुठं वाचायला मिळालं नाही. माझा चुलतभाऊ अमरावतीत असाच एका ऑफिसात आहे, चार-चार महिने पगार थकतो. तुमच्या बातमीदारांनी एकदा अशा माणसांकडे जाऊन विचारावं, शेवटचा पगार कधी झाला आणि तोपर्यंत किराणा कुणाकडून उधार आणला, आणि ते छापावं एवढी कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, मेरीलँड