टाचेच्या आकड्यावरून गोळ्या नकोत

महोदय,

20 ऑक्टोबरच्या ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) दिनाच्या आसपास महिला मंडळांतून हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरे भरतात. टाचेला जेल लावतात, दोन मिनिटांत ‘टी-स्कोअर उणे 2.7’ (तरुण निरोगी स्त्रीच्या तुलनेत हाडे किती कमकुवत, त्याचा आकडा) असा कागद हातात पडतो आणि शेजारच्या टेबलावर कॅल्शियमची पाकिटे मांडलेली असतातच. हे यंत्र टाचेतून ध्वनिलहरी कशा जातात तेवढेच पाहते. उणे 2.5 ही जागतिक आरोग्य संघटनेची ऑस्टिओपोरोसिसच्या निदानाची मर्यादा आहे डेक्सा यंत्रावर (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारे यंत्र) मोजलेल्या खुब्याची आणि कमरेच्या मणक्यांची. टाचेला ती लावून निदान होत नाही. आकडा वाईट आला तर डेक्सा करावी, इतकेच.

डेक्साही सरसकट सगळ्यांना लागत नाही. पासष्टी उलटलेल्या, किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या, पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या, तीन महिन्यांहून अधिक स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांनी ती जरूर करावी. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील तर लवकरच, कारण मग पाळी जाण्याचा हाडांवरचा परिणाम लगेच सुरू होतो. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये एवढी चर्चा झाली. त्यांच्या हाडांचा विषय मात्र मागेच राहिला.

तपासणीआधी 24 तास कॅल्शियमची गोळी घेऊ नये. पोटात न विरघळलेली गोळी मणक्यांच्या चित्रात आली तर घनता उगाच जास्त दिसते. उतारवयात मणक्यांना काटे वाढलेले असतात, त्यानेही हाच घोटाळा होतो. अशा वेळी खुब्याचा आकडा धरावा. पाळी चालू असेल तर टी नव्हे, झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या स्त्रियांशी तुलना) बघायचा. पुढची डेक्सा त्याच यंत्रावर करावी, दोन यंत्रांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

घनता कमी आली तरी हाड ठिसूळ आहे की ड जीवनसत्त्वाअभावी मऊ पडले आहे, हे डेक्सा सांगत नाही. म्हणून रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड मऊ पडल्यास वाढणारे विकर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) पाहिल्याशिवाय हाडांची झीज रोखणारे अॅलेन्ड्रोनेट सुरू करू नये. ही आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. चहाबरोबर घेतली तर वायाच.

पाळी गेल्यावर आहारासकट दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिळते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाचे 60,000 युनिटचे पाकीट आठवड्याचे असते. ते रोज घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतते.

शिबिर भरवणाऱ्यांनी टाचेच्या कागदावर ‘हे निदान नाही’ एवढे छापावे आणि शेजारचे विक्रीचे टेबल उचलावे.

– एक अस्थिरोगतज्ज्ञ, सोलापूर