बाबा, चारचा चहा सोडू नका

लीड्स
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी "चहा झाला का?" म्हणून विचारतो आणि बाबा, तुम्ही "झाला, झाला" म्हणता. गेल्या आठवड्यात ताईने खरं काय ते सांगितलं. शुगर निघाल्यापासून तुम्ही चहाच बंद केलाय आणि आई चारचा चहा गॅसजवळ उभ्याउभ्या पिऊन टाकते. ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष लागेना. मुक्कामाची गाडी घेऊन तुम्ही परत आलात की आधी चहा, मग आंघोळ, हे मी लहानपणापासून बघत आलोय. रिटायर झाल्यावर तर चार वाजता दारातल्या पायरीवर तुम्ही दोघं, मध्ये स्टीलची थाळी, दोन कप-बशा आणि खारी. तिथे बसूनच तुम्ही ताईचं लग्न ठरवलंत, माझ्या इकडे येण्याचं ठरवलंत. डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली होती, चहा नव्हे. फोनवर हे नीट बोलता येत नाही, तुम्ही विषय बदलता. म्हणून पत्र लिहितोय.

दिवाळीला पाठवलेल्या यॉर्कशायर टीच्या खोक्याबद्दल आधी बोलतो. यॉर्कशायर म्हणजे इंग्लंडातला आमचा हा भाग. तुम्ही त्यातली पिशवी नेहमीच्या दूध-पाण्यात टाकून उकळलीत, ती फुटली, आणि आईला त्या चहाला धुतलेल्या फडक्याचा वास आला. चूक माझी आहे. खोकं पाठवलं, पण तो चहा कसा करायचा ते सांगितलं नाही. तो चहा उकळायचा नसतोच.

इथे आमच्या साइटवर एक फोरमन आहेत, साठी उलटलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात जाड बुडाचा मग दिला. चहा विटेच्या रंगाचा, साखर नाही. पहिला घोट घेतला तेव्हा जीभ आवळली. इथे याला बिल्डर्स टी म्हणतात, म्हणजे गवंड्यांचा चहा. थंडीत, पावसात, हाताला सिमेंट लागलेलं असताना प्यायचा चहा. त्याला नाजूक कपही लागत नाही आणि फुलांचा सुवासही. बाबा, तुम्ही पहाटे डेपोच्या टपरीवर उभं राहून प्यायचा तो "कडक" आणि हा, दोघांचं काम एकच. माणूस जागा ठेवायचा.

आणि चहाही जवळजवळ तोच आहे. खोक्यावर यॉर्कशायर लिहिलंय म्हणून तो इथे पिकतो असं समजू नका. पावडर आसामची, केनियाची, रवांडाची. इथे फक्त मिश्रण होतं. लीड्सहून हॅरोगेट नावाचं गाव जवळच आहे, तिथली ही टेलर नावाची पेढी 1886 सालची. यॉर्कशायर टी मात्र त्यांनी 1977 मध्ये काढला, म्हणजे ताईपेक्षा थोडासाच मोठा. आपल्या घरच्या डब्यावर ब्रुक बाँड लिहिलेलं असतं ना, ते नावही इथलंच. आर्थर ब्रुक नावाच्या माणसाने 1869 मध्ये मँचेस्टरला दुकान टाकलं. बाँड नावाचा भागीदार कुणी नव्हताच, ऐकायला बरं वाटतं म्हणून त्याने ते जोडलं. मँचेस्टर माझ्या घरापासून रेल्वेने तासाभरावर आहे. आणि इथे घरोघरी दिसणारा टेटली चहा 2000 सालापासून आपल्या टाटांचा आहे. हे मी फोरमनना सांगितलं तेव्हा मला छाती फुगल्यासारखं वाटलं.

दाणेदार पावडरीचीही गोष्ट अशीच. पानं चुरडून, फाडून, गोळी वळायचं ते यंत्र 1930 च्या सुमाराला आसामातच निघालं. सीटीसी म्हणतात ती हीच. त्यामुळे चहा झटकन उतरतो आणि थोड्या पावडरीत रंग नि जोर दोन्ही येतात. आपला टपरीवरचा चहा आणि इथला मगातला चहा, दोन्ही या दाण्यावर उभे आहेत.

मग फरक कशात आहे? आपण पावडर खळाखळा उकळतो. उकळली की तिच्यातला तुरटपणा सगळा बाहेर येतो, आणि तो झाकायला भरपूर दूध आणि दोन चमचे साखर घालावी लागते. साखरेची सवय जिभेला लागते, पण मूळ गरज तुरटपणामुळे पडते. इथे उकळतं पाणी पावडरीवर ओततात आणि नुसतं मुरू देतात. त्या मुरण्याला हे यॉर्कशायरवाले "मॅश" म्हणतात. आधण खाली उतरवून वर झाकण ठेवण्यासारखंच ते. मग थोडं दूध. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्याला धरून ठेवतात, त्यामुळे जीभ आवळत नाही. अशा चहात साखर नसली तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. निदान मला तरी आता वाटत नाही.

खोटं नाही सांगत, इथले बहुतेक गवंडी दोन-दोन चमचे साखर घालतात. फोरमनही घालायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचीही शुगर निघाली. त्यांनी एकदम तोडली नाही. दोन चमच्यांचा दीड केला, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा, मग काही नाही. दोन महिन्यांत जीभ वळली म्हणतात. आता कुणी चुकून त्यांच्या मगात साखर टाकली तर त्यांना तो मग पिववत नाही. बाबा, तुम्ही मात्र डॉक्टरांनी सांगितलंय तसंच करा, हळूहळू सोडायचं असलं तर त्यांना विचारून. एक हिशेब मी करून पाहिला. पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला दहा. चमच्याला 4 ग्रॅम धरले तरी 40 ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. नुसत्या चहातून. ती गेली तर केवढं काम झालं.

आणि गुळाचा चहा नको. ताई म्हणाली की शेजारच्या काकांनी सांगितलंय, गूळ चालतो, हल्ली चौकाचौकात गुळाच्या चहाची दुकानं आहेत. बाबा, 72 च्या दुष्काळात घरात साखर नव्हती तेव्हा आजी गुळाचा कोरा चहा द्यायची, ही तुमची आठवण मला तोंडपाठ आहे आणि त्या चहाची गोडीही मी समजू शकतो. पण रक्ताच्या लेखी गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. गूळही मुख्यतः साखरच आहे.

आता कृती. आई, हे तू कर, बाबांवर सोडू नकोस. बाबा पुन्हा उकळतील.

नळाचं पाणी घे, बोअरचं नको. हे मी मुद्दाम सांगतोय. पहिलं वर्ष मी लंडनला होतो तेव्हा कितीही चांगली पावडर आणली तरी चहावर मळकट साय यायची आणि चव बसून जायची. मला वाटायचं दूध खराब आहे. तिथलं पाणी जड, त्यात चुना फार, किटलीत पांढरा थर बसतो. लीड्सला आलो, तोच चहा केला आणि वेगळाच निघाला. इथलं पाणी डोंगरातल्या तलावांचं, मऊ. या कंपनीने तर जड पाण्यासाठी वेगळं मिश्रणच काढलंय. तुला हे सगळं नव्याने सांगायला नको. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही त्या पाण्यात चहाही नीट उतरत नाही, एवढंच.

पाणी ताजं भर, सकाळचं उरलेलं पुन्हा तापवू नकोस. खळखळून उकळी आली की लगेच पिशवीवर ओत. कोमट झालेल्या पाण्यात तो फिका होतो. बशी झाक आणि घड्याळात चार मिनिटं बघ. पिशवी चमच्याने एकदा हलकेच दाबून काढ, पिळू नकोस, पिळली की कडवट होतो. दूध त्यानंतर. पिशवी आत असताना दूध घातलं तर पाणी निवतं आणि चहा उतरायचा थांबतो. इथे थंड दूध घालतात, तू गरम घाल, तुम्हाला निवलेला चहा चालत नाही. दोन-तीन मोठे चमचे पुरे. रंग विटेसारखा दिसला पाहिजे, दुधासारखा नव्हे. आलं ठेचून पाण्यातच उकळ, हवं तर गवती चहाची पात टाक. त्याला माझी हरकत नाही. इथल्या माणसांना ते रुचणार नाही, पण प्यायचा तुम्हाला आहे.

माझ्या कामात सिमेंटपासून सळईपर्यंत प्रत्येक गोष्टीला मानक असतं. चहालाही ब्रिटिश मानक निघालं होतं, बीएस 6008, 1980 साली: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पावडर, सहा मिनिटं. ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, सगळ्यांचा चहा एकाच मापाने व्हावा म्हणून. रोज प्यायला सहा मिनिटं मला जास्त वाटतात. पण माप उपयोगी आहे, कारण खोक्यातल्या 80 पिशव्या संपतील आणि मी दर महिन्याला पाठवू शकणार नाही. पाठवायची गरजही नाही. घरच्या डब्यातली पावडर, दोन कपांना सपाट दोन चमचे, भांडं खाली उतरवल्यावर त्यात टाकायची, झाकण, चार मिनिटं, गाळणी. खरं सांगायचं तर माझ्या मते तो या पिशवीपेक्षा चांगला होईल, कारण पिशवीत पावडरीला फुलायला जागा कमी मिळते. हॅरोगेटला त्याच कंपनीच्या बेटीज नावाच्या जुन्या चहाघरात मी एकदा गेलो होतो. तिथे पिशवी नव्हती. चांदीसारखी किटली, सुटी पावडर, वर गाळणी आणि शेजारी नुसत्या गरम पाण्याचं दुसरं भांडं, चहा कडक वाटला तर घालायला. आई, तुझी आठवण झाली. पाहुण्यांसाठी तू कपाटातून काढतेस ती चिनी मातीची किटली वर्षभर नुसती पडून असते, ती काढ.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. तुझी रक्तवाढीची लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. जेवणावर लगेच चहाही नको. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये तास-दीड तास जाऊ दे. तू गोळी सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर गिळतेस हे मी स्वतः पाहिलंय.

फोरमनची आई लढाईच्या काळातली. 1940 मध्ये इथे चहा रेशनवर गेला, सुरुवातीला माणशी आठवड्याला 2 औंस, म्हणजे 57 ग्रॅम. रेशन उठलं 1952 साली. त्या काळात त्यांच्या घरी एकाच पावडरीवर दोनदा पाणी ओतायचे, पण चार माणसं एका टेबलाशी बसल्याशिवाय किटली उघडायची नाहीत, असं ते सांगतात. ते ऐकताना मला आपली पायरी दिसत होती.

बाबा, पहिले आठ दिवस तुम्हाला हा चहा आवडणार नाही. तोंडावर "कसला हा पाणचट" असं येईल. येऊ द्या. तरी पायरीवर बसूनच प्या, आईला आत उभं ठेवू नका. दहाव्या दिवशी मला खरं खरं सांगा, बरं वाटावं म्हणून सांगू नका.

इथे आता घड्याळं हिवाळ्याची झाली आहेत. तुमचे चार वाजतात तेव्हा आमचे साडेदहा, आणि साइटवर साडेदहालाच ब्रेक होतो. उद्यापासून मग हातात घेतला की मी फोन लावणार. दोन मिनिटं बोलू, बाकी वेळ नुसते पीत बसू.

तुमचा,
सोन्या

ता. क. आई, गुलाबाला चोथा घालताना आता धुवायला नको. त्यात दूधही नसेल नि साखरही, त्यामुळे मुंग्या लागणार नाहीत. पिशवी मात्र फाडून आतली पावडरच घाल.